राक्षस परत का येतो?

या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे इंग्रजी भयपटांचा आणि विज्ञानपटांचा विषय मांडताना मला थोडा संकोच वाटतो आहे. चळवळीतले काही मित्र म्हणतील, आपल्या वस्त्यांवर आजही हल्ले होताहेत, राखीव जागांचा अनुशेष तसाच पडून आहे, आणि हा गृहस्थ भुतांच्या नि माकडांच्या सिनेमांवर लिहीत बसला आहे! त्यांचा राग मला समजतो. पण मी या सिनेमांचा जुना शौकीन आहे आणि ते लपवून मला लिहिता येणार नाही. शिवाय आपली कॉलेजात शिकणारी मुले वसतिगृहाच्या खोलीत मोबाईलवर रात्र रात्र जागून हेच सिनेमे पाहतात. आपली पोरे जे पाहतात त्याची चिकित्सा आपण करायची नाही, तर ती कोणी करायची? साहित्याची समीक्षा तेवढी गंभीर आणि सिनेमाची म्हणजे उथळ, ही पांढरपेशी समजूत आपण का म्हणून बाळगावी?

या प्रकारच्या सिनेमांचे पुढचे भाग निघतात, त्याविषयी मला बोलायचे आहे. पहिल्या भागाच्या शेवटी राक्षस मरतो. प्रेक्षक निःश्वास टाकून घरी जातो. दोन-चार वर्षांनी दुसरा भाग येतो आणि राक्षस परत आलेला असतो. धंद्याच्या बाजूने याचे उत्तर सोपे आहे. पहिल्या भागाने पैसा मिळवला, म्हणून दुसरा निघाला. पण कथेच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न सोपा नाही. जो मेला तो परत का येतो? बहुतेक निर्माते या प्रश्नाला बगल देतात. राक्षस आणखी मोठा करतात, त्याचे दात वाढवतात, रक्त जास्त सांडतात. प्रश्नाला भिडणारे चित्रपट थोडे, आणि बोलण्यासारखे तेवढेच.

ही गोष्ट आपल्याला तरी नवी वाटू नये. आपल्या देशातली सर्वांत जुनी 'पुढच्या भागां'ची मालिका म्हणजे अवतारकथा. दर भागात देव नवे रूप घेतो आणि दर भागात एक दैत्य मारला जातो. हिरण्याक्ष संपला की हिरण्यकश्यपू, तो संपला की बळी. हे दैत्य संपत का नाहीत, ते मुळात कोण होते, असा प्रश्न कोणा कीर्तनकाराने विचारला नाही. तो महात्मा फुल्यांनी विचारला. १८७३ साली 'गुलामगिरी'त त्यांनी या कथा उलट्या बाजूने वाचल्या आणि सांगितले की वामन हा कपटी आक्रमक होता आणि बळी हा प्रजेचा राजा होता. आणि हे पुस्तक त्यांनी अर्पण केले ते अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना. तेव्हा अमेरिकेच्या पडद्यावरचे राक्षस तपासायला जोतीरावांची कसोटी लावली, तर ती ओढूनताणून लावली असे कोणी म्हणू नये. ही कसोटी अशी की, राक्षसाच्या जागेवर उभे राहून पाहिले तर या कथेत काय दिसते?

या कसोटीवर अलीकडचे तीन पुढचे भाग मी घासून पाहणार आहे.

१

पहिला 'कँडीमॅन'. मूळ चित्रपट १९९२ चा, बर्नार्ड रोझ यांचा. क्लाइव्ह बार्कर यांची मूळ कथा इंग्लंडातली. चित्रपटाने ती शिकागो शहरातल्या काब्रिनी-ग्रीन या सरकारी घरांच्या वस्तीत आणली. तिथे प्रामुख्याने काळी माणसे राहत. आरशासमोर पाच वेळा नाव घेतले की हाताच्या जागी आकडा असलेला एक माणूस येतो आणि नाव घेणाऱ्याला फाडतो, अशी वस्तीतली दंतकथा. हा माणूस कोण? तर गुलामाचा मुलगा, नावाजलेला चित्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका गोऱ्या श्रीमंताच्या मुलीचे चित्र काढताना त्याचे नि तिचे प्रेम जमते. जमाव त्याचा हात तोडतो, अंगाला मध फासतो आणि मधमाश्यांकडून त्याला मारवतो. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) या गावांची नावे ज्याच्या लक्षात आहेत, त्याला हा प्रसंग परदेशी वाटणार नाही.

१९९२ च्या चित्रपटात एक तपशील फार बोलका आहे. दंतकथांवर प्रबंध लिहिणारी हेलन ही गोरी बाई ज्या महागड्या इमारतीत राहते, ती मुळात त्या वस्तीच्याच नमुन्यावर बांधलेली असते. भिंतींना गिलावा देऊन ती नंतर पैसेवाल्यांना विकली. न्हाणीघरातले आरशाचे कपाटही दोन्हीकडे सारखेच. इतके सगळे दिसत असूनही चित्रपटाची माया मात्र हेलनवर आहे. वस्तीतली माणसे येतात ती तिला माहिती देण्यासाठी. शेवटी दंतकथाही तिचीच होते. वही घेऊन वस्तीत येणारे, आपल्या आयांच्या कहाण्या टिपून नेणारे आणि पुढे त्यांवर पदव्या मिळवणारे अभ्यासक आपल्यालाही परिचयाचे आहेत. सगळे वाईट नसतात. पण कथेच्या शेवटी नाव कोणाचे राहिले, हे पाहावेच लागते.

१९९५ आणि १९९९ साली या चित्रपटाचे आणखी दोन भाग निघाले आणि विसरले गेले. २०२१ साली नीआ डकोस्टा या काळ्या दिग्दर्शिकेने नवा 'कँडीमॅन' काढला. पटकथेत जॉर्डन पील यांचाही हात आहे. अमेरिकेत ज्या आठवड्यात तो लागला, त्या आठवड्यात तो कमाईत पहिला होता. काळ्या स्त्रीने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला हे स्थान पहिल्यांदाच मिळाले. प्रत्यक्षातली काब्रिनी-ग्रीनची उंच घरे तोपर्यंत पाडून झाली होती. शेवटची इमारत २०११ मध्ये पडली. चित्रपटाचा नायक अँथनी हा काळा चित्रकार त्याच जागेजवळच्या नव्या, काचेच्या इमारतीत राहतो. त्याला विषय हवा असतो आणि तो पाडलेल्या वस्तीची दंतकथा उचलतो. पुढे त्याला कळते की आपण त्याच वस्तीतले लेकरू आहोत. आईने हे त्याच्यापासून लपवलेले असते. शिकून शहरात आलेल्या आणि आडनाव सांगताना अडखळणाऱ्या आपल्या पिढीला हा भाग बोचल्यावाचून राहणार नाही.

या भागाचे मोठे म्हणणे असे की कँडीमॅन हा एकटा नाही. १८९० च्या सुमाराचा तो चित्रकार ही सुरुवात होती. त्यानंतर दर पिढीत असा एक माणूस मारला गेला. १९७७ साली शर्मन नावाचा, मुलांना गोळ्या वाटणारा एक साधा माणूस पोलीस ठेचून मारतात. गोळ्यांत पाती घालतो असा त्याच्यावर संशय असतो. तो मेल्यावरही पातीच्या गोळ्या सापडत राहतात, म्हणजे तो निर्दोष होता. राक्षस परत का येतो, याचे इतके सरळ उत्तर मी भयपटात क्वचितच पाहिले आहे. तो परत येतो कारण त्याला मारणारे थांबलेले नाहीत.

आणखी एका गोष्टीसाठी मी डकोस्टा यांना दाद देतो. जुन्या हत्या त्यांनी नटांकडून करवून दाखवल्या नाहीत. कागदाच्या सावल्यांच्या बाहुल्यांतून दाखवल्या. काळ्या माणसाचे ठेचलेले अंग पाहायची हौस त्यांनी प्रेक्षकाला पुरवली नाही. अत्याचार झाला की आपणही त्या प्रेतांची छायाचित्रे मोबाईलवरून फिरवतो. हेतू चांगला असतो, जग जागे व्हावे हा. पण ज्याचे शरीर जमावाने एकदा विटंबले, ते पुन्हा हजार पडद्यांवर मांडताना त्याच्या माणसांना विचारतो काय?

या चित्रपटात एक कलासमीक्षक बाई आहे. अँथनीचे चित्र ती आधी शिळे म्हणून उडवून लावते. चित्राशेजारी दोन खून होतात आणि तिला त्या चित्रात एकाएकी रस वाटू लागतो. आमच्या कवितेला 'अस्सल' म्हणण्यापूर्वी तिच्यात रक्त किती आहे हे मोजणारे समीक्षक मराठीतही होऊन गेले आहेत.

एवढे असूनही शेवट मला पटला नाही. अँथनीला पोलीस गोळ्या घालतात. त्याच्या प्रेयसीने खोटी साक्ष द्यावी म्हणून तिला धमकावतात. ती पोलीसगाडीच्या आरशात पाच वेळा नाव घेते आणि भूत येऊन पोलिसांना मारते. थिएटरात टाळ्या पडतील असा हा प्रसंग आहे आणि माझेही हात उठले. पण घरी आल्यावर वाटले की मेल्यानंतर न्याय करणारे भूत हे जिवंतपणी न्याय न देणाऱ्या राज्याला सोयीचेच असते. भुताला वकील लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, मोर्चा लागत नाही. आणि ज्या वस्तीसाठी हे सारे चालले, त्या वस्तीतली माणसे चित्रपटात औषधापुरतीच आहेत. सरकारने ती घरे पाडली आणि दिग्दर्शिकेलाही ती माणसे शोधून काढता आली नाहीत.

२

दुसरा चित्रपट 'एलियन: रोम्युलस', २०२४ चा, फेडे अल्वारेझ यांचा. ही मालिका १९७९ च्या रिडली स्कॉट यांच्या 'एलियन'पासून चालू आहे. तो पहिला चित्रपट मी कामगारांचा चित्रपट म्हणून पाहत आलो. अवकाशातले एक मालवाहू जहाज. खाली यंत्रे सांभाळणारे पार्कर आणि ब्रेट आपल्याला वरच्यांपेक्षा कमी वाटा का, म्हणून जेवणाच्या टेबलावर कुरकुरतात. त्यांतला पार्कर काळा आहे. पुढे कळते की कंपनीला तो हिंस्र प्राणी जिवंत हवा आहे आणि त्यासाठी सगळे खलाशी गेले तरी चालतील, असा गुप्त हुकूम आहे. म्हणजे प्राणी भयंकर खरा, पण तो नुसता भुकेला आहे. हिशेब करून माणसे मारते ती कंपनी.

'रोम्युलस'ची सुरुवात हाच धागा पकडते. सूर्य न दिसणारी खाणींची एक वसाहत. रेन ही अनाथ मुलगी, आईबाप खाणीत आजारी पडून मेलेले. तिने कराराचे तास पुरे केले आहेत आणि सुटकेचा कागद मागायला ती खिडकीशी उभी राहते. खिडकीतली बाई थंडपणे सांगते की तासांचा आकडा वाढवला आहे, आता आणखी काही वर्षे, आणि तीही खाणीत. या प्रसंगात ना रक्त आहे ना राक्षस. पण साऱ्या चित्रपटात मला भीती वाटली ती इथेच. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले कुटुंब हंगाम संपल्यावर मुकादमाकडून फिटलेले कर्ज ऐकायला जाते आणि फिरलेला आकडा ऐकून येते, तेव्हा त्याचा चेहरा असाच होत असणार.

रेनबरोबर अँडी आहे. तो माणसासारखा यंत्रपुरुष. बापाने कचऱ्यातून उचलून दुरुस्त केलेला आणि 'रेनचे भले ते कर' एवढा एकच हुकूम आत घातलेला. ती त्याला भाऊ म्हणते. डेव्हिड जॉन्सन या काळ्या इंग्रज नटाने ही भूमिका केली आहे आणि ती या चित्रपटातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. रेनचा एक सोबती अँडीला लाथाळतो, कारण दुसऱ्या एका यंत्रपुरुषाने हिशेब करून त्याच्या आईला खाणीत मरू दिले होते. आणि खुद्द रेन? जिथे पळून जायचे त्या ग्रहावर यंत्रपुरुषांना मज्जाव आहे, हे तिला ठाऊक असते. भावाला मागे टाकायचे तिने ठरवलेलेच असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा याहून नेमका नमुना मी विज्ञानपटात पाहिलेला नाही. कंपनी कामगाराला तुडवते आणि कामगार आपल्या खालच्या पायरीवर कोणी तरी आहे याचा आधार घेतो. प्रत्येकाला वरच्याचा राग असतो, पण उतरंड मोडायची म्हटली की खालच्याची आठवण होत नाही. पुढे अँडीच्या डोक्यात कंपनीची चकती बसवतात आणि त्याचा हुकूम बदलून 'कंपनीचे भले ते कर' असा होतो. तो एकदम हुशार होतो, नीट बोलू लागतो, अंगात ताठा येतो. आपल्यातला एखादा मोठ्या हुद्द्यावर गेला की त्याच्या बोलण्यात असा फरक पडलेला आपण पाहतो. अँडीला त्या चकतीने हुशारी दिली हे खोटे नाही. तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आहे.

दुर्दैवाने अर्ध्यानंतर चित्रपट जुन्या भागांची उजळणी करत बसतो. तेच प्राणी, तेच बोगदे, मागच्या भागांतली गाजलेली वाक्येसुद्धा. १९७९ च्या चित्रपटात कंपनीच्या यंत्रपुरुषाचे काम इयन होम या नटाने केले होते. ते २०२० साली वारले. २०२४ च्या चित्रपटात त्यांचा चेहरा संगणकाने पुन्हा उभा केला आहे. घरच्यांना विचारूनच केले आहे, तेव्हा कायद्याने बोट ठेवायला जागा नाही. पण कराराचे तास वाढवून कामगाराला सोडत नाही म्हणून कंपनीला जाब विचारणारा चित्रपट मेलेल्या नटालाही सुट्टी देत नाही! आपण कोणत्या बाजूने बोलत होतो याचा निर्मात्यांना इथे विसर पडला.

३

तिसरा चित्रपट वानरांचा. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' ही मालिका १९६८ पासून चालू आहे. तिच्याविषयी बोलण्यापूर्वी एक आक्षेप नोंदवला पाहिजे. गुलामांची कथा सांगायला माकडेच का लागतात? काळ्या माणसाला माकड म्हणणे ही गोऱ्यांची जुनी शिवी आहे. आपल्याकडेही रानातल्या लोकांना वानर ठरवून रामाच्या सेवेला लावले, असे अनेकांनी म्हटले आहे. हा आक्षेप मी मागे घेत नाही. तरीही या मालिकेत जे आहे ते पाहण्यासारखे आहे.

चौथा भाग 'कॉन्क्वेस्ट ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' १९७२ चा, जे. ली थॉम्प्सन यांचा. वानरांना शहरात गुलाम म्हणून राबवले जाते. सीझर नावाचा बोलणारा वानर त्यांना संघटित करतो आणि बंड होते. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात १९६५ साली काळ्यांचा उठाव झाला होता, त्याची छाया या चित्रपटावर उघड आहे. गव्हर्नरचा मॅकडोनल्ड नावाचा एक काळा अधिकारी आहे. सीझर त्याला म्हणतो की इतर कोणापेक्षा निदान तुला तरी हे कळायला हवे. याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. दोन्हीकडची हवा एकच होती.

पण १९७२ सालच्या प्रेक्षकांनी पाहिला तो शेवट मूळचा नव्हता. मूळ शेवटी गव्हर्नर ठेचून मारला जातो. चाचणीच्या खेळाला प्रेक्षक बिथरले, निर्माते घाबरले. मग सीझरच्या भाषणाला दयाक्षमेची शेपटी आवाजातून जोडली, आणि नवे चित्रण करायला पैसा नव्हता म्हणून आधीच घेतलेली डोळ्यांची दृश्ये त्यावर लावली. तोंड दाखवता येत नव्हते, कारण त्या तोंडातून ते शब्द कधी निघालेच नव्हते. गुलामाचे बंड पाहायची तयारी असते, पण शेवटी त्याने क्षमा केली पाहिजे. आपल्याकडे १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स' छापले, तेव्हा काय झाले ते आठवावे. राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून गदारोळ, १९८८ साली मुंबईत आपला प्रचंड मोर्चा, आणि अखेर तडजोड ही की शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप जोडायची. शब्द राहिले, शेपटी लागली.

२०११ साली मालिका नव्याने सुरू झाली. तीत सीझरच्या तोंडून निघणारा पहिला शब्द 'नाही' असा आहे. ज्यांच्या साहित्याचा पाया नकार आहे, त्यांना या एका शब्दाचे मोल सांगायला नको. २०१७ च्या भागात सीझर मरतो.

मग येतो २०२४ चा 'किंगडम ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स', वेस बॉल यांचा. सीझरच्या अंत्यविधीने तो सुरू होतो आणि लगेच कित्येक पिढ्या ओलांडून पुढे जातो. आता वानरांचे राज्य आहे. प्रॉक्सिमस नावाचा राजा स्वतःला सीझर म्हणवतो. वानर एकजुटीने बलवान होतात, ही सीझरची घोषणा त्याच्या तोंडी सतत आहे. या घोषणेच्या नावाने तो दुबळ्या वानरटोळ्या धरून आणतो आणि समुद्रकाठच्या एका बंद कोठाराचे दार उघडण्यासाठी त्यांना दोरखंड ओढायला लावतो. घोषणेतला शब्द न् शब्द तोच आहे. दोर ओढणारे मात्र एकजुटीत मोजले जात नाहीत. दुसरीकडे राका नावाचा एकटा म्हातारा वानर सीझरची खरी शिकवण आणि जुनी पुस्तके जपत बसला आहे. त्याचे ऐकायला एकटा नोआ हा तरुण वानर भेटतो, आणि म्हातारा नदीत वाहून जातो.

मी हा चित्रपट दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना मला त्यात वानर दिसत नव्हते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन साडेसहा दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांचे छायाचित्र आज सगळ्याच पक्षांच्या व्यासपीठावर असते. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत त्यांनी इंग्रजीतून दिलेल्या तीन शब्दांच्या आदेशाचा क्रम मराठी घोषणेत बदलला. संघर्ष मधून निघून शेवटी गेला, आणि त्यावर आपल्याकडे वादही झाले. मूळ ग्रंथ किती जण उघडतात? निळ्या झेंड्याखाली गट किती, आणि प्रत्येक गटाचा नेता कोणाचा वारस म्हणवतो? प्रॉक्सिमस बाहेरून आलेला नाही. तो वानरच आहे, आणि सीझरचे नाव त्याने शत्रूपेक्षा अधिक बिघडवले आहे.

चित्रपटाचे गुण सांगितले तसा दोषही सांगतो. राजा एवढा सरळ दुष्ट रंगवला आहे की त्याच्यामागे इतके वानर का जातात हे समजत नाही. खोटा वारसही लोकांना काही तरी देतो. संरक्षण देतो, अभिमान देतो, जयंतीला मिरवणूक देतो. ते दाखवले असते तर आपल्याला अधिक अस्वस्थ होता आले असते. शेवट मात्र प्रामाणिक आहे. नोआ आणि माणसांची मुलगी निरोप घेतात तेव्हा तिच्या पाठीशी पिस्तूल लपवलेले असते. १९७२ सारखी क्षमेची शेपटी इथे कोणी लावलेली नाही.

जोतीरावांची कसोटी मी सुरुवातीला अर्धीच सांगितली होती. पडद्यावर राक्षस आला की याला राक्षस कोणी ठरवले हे विचारायचे, एवढे 'कँडीमॅन' आणि 'एलियन' यांच्यासाठी पुरते. पण दिवाळीत ओवाळताना आपल्या आयाबाया बळीचे राज्य येवो म्हणतात, ते राज्य आल्यावर काय, हा त्या कसोटीचा दुसरा अर्धा भाग आहे. वसतिगृहातल्या माझ्या मित्रांनो, सिनेमे खुशाल पाहा. पण राक्षसाचे राज्य आलेले दिसले की टाळ्या वाजवण्याआधी त्या गर्दीत दोर कोण ओढतो आहे, तेवढे नीट निरखून पाहा.